कै. ताराबाई मोडक

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची ठरली म्हणजे चिटणीसबाई माझ्याकडे पाककृती मागतात, आणि मीही शेंगाच्या चटणीपासून कडक भाकरीपर्यंत काही ना काही लिहून देत आले आहे. यंदा मात्र मी त्यांना म्हटले की मला एका बाईंचे चरित्र लिहू द्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा लिहिण्यात चुका राहिल्या तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

ह्याला निमित्त झाले ते गेल्या श्रावणात आपल्याकडे झालेल्या व्याख्यानाचे. बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या दिवशी पाऊस होता आणि जेमतेम वीस-बावीस जणी जमल्या होत्या, म्हणून त्यांनी सांगितलेले इथे थोडक्यात सांगते. मूल जन्मते तेव्हा त्याच्या मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण चौथाई असते. दोन वर्षांचे होईतो तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्के आकाराचा होतो, आणि पाच-सहा वर्षांत नव्वद टक्क्यांच्या घरात जातो. पण नुसता आकार वाढून भागत नाही. मेंदूत अगणित बारीक पेशी आहेत, त्यांची एकमेकींशी जोडणी व्हावी लागते. मूल हुंकार देते, आई उत्तर देते. मूल बोट दाखवते, आजी त्या वस्तूचे नाव सांगते. ते रडते, कोणीतरी उचलून घेते. अशा प्रत्येक देवघेवीने एकेक धागा पक्का होतो. जो धागा वापरात येत नाही तो मेंदू स्वतःच छाटून टाकतो. आपल्या गावात माग कोणी पाहिला नाही अशी बाई विरळा, म्हणून मला ते लगेच समजले. ताणा लावून ठेवला पण बाणा टाकायला कोणी आलेच नाही, तर कापड कुठून होणार?

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती माझ्या मनातून अजून जात नाही. ज्या मुलाकडे कोणीच पाहत नाही, ते पहिल्यांदा फार रडते. मग हळूहळू रडायचे थांबते. आपण म्हणतो, किती शहाणे बाळ, त्रास म्हणून नाही. ते शहाणे झालेले असतेच असे नाही. कधी कधी मागून काही मिळत नाही एवढेच ते शिकलेले असते.

मी लग्नानंतर सहा वर्षे विड्या वळल्या. सकाळी कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, पाने भिजवायची, कातरायची, आणि दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत सूप मांडीवरून उतरायचे नाही. माझा थोरला झोळीत असे. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, हात विडीवर. तो गप्प पडून पत्र्याकडे बघत राही, आणि साऱ्या गल्लीत त्याच्या शहाणपणाचे कौतुक होते. तीन वर्षांचा होईपर्यंत तो धड बोलला नाही. आज तो मिळवता आहे, त्याचे काही अडले असे मी म्हणणार नाही. पण त्या व्याख्यानाच्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी आपल्या वाचनालयातून ताराबाईंविषयीचे पुस्तक नेले. डॉक्टरीणबाईंनी जाता जाता त्यांचे नाव घेतले होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावे, हे त्या घरात कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते. त्या काळात मुलीचे लग्न दहाव्या-बाराव्या वर्षी उरकत असत, पण ताराबाई १९१४ साली बी.ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास दोघे वेगळे झाले. त्यांच्या ह्या आयुष्यावरून रत्नाकर मतकरींनी 'घर तिघांचं हवं' हे नाटक लिहिले. कोणाचे काय चुकले ह्याची चर्चा नाटक पाहणाऱ्यांनी पुष्कळ केली असेल, मी ती इथे करीत नाही. एकोणतीस वर्षांची बाई, पदरी लहान मुलगी, आणि नवऱ्याचे घर सुटलेले, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. आज शंभर वर्षांनंतरही आपल्या पेठेत अशा बाईकडे लोक कसे पाहतात ते आपण जाणतो.

राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज म्हणून स्त्रीशिक्षिका तयार करणारी संस्था होती, तिथे ताराबाई प्राचार्या झाल्या. मोठा पगार, मोठा मान, राहावयास बंगला अशी ती जागा. आणि ती त्यांनी सोडली. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे कामाला गेल्या.

गिजुभाईंविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे गृहस्थ मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे ह्या विचाराने त्यांनी पुस्तके वाचावयास घेतली. वाचता वाचता वकिली सुटली. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर काढले. चांगल्या मिशा असलेला हा माणूस मुलांत मूल होऊन बसे, गोष्टी सांगे, नाटके करी. गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले. तिकडे इटलीत मादाम मॉंटेसोरी ह्या डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोम शहराच्या गरीब वस्तीत, आईबाप कामाला गेल्यावर जिन्यांत आणि गल्ल्यांत उनाडणाऱ्या मुलांसाठी घर उघडले होते. मुलाच्या हाताला काम दिले की त्याची बुद्धी जागी होते, हे त्यांनी तिथे पाहिले. गिजुभाईंनी त्यांचेच पुस्तक वाचून हा मार्ग धरला होता.

ताराबाई भावनगरला नऊ वर्षे राहिल्या. त्या गुजराती शिकल्या, इतक्या की त्या भाषेत लिहू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली, आणि पुढे तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली. त्या दोघांचे एक म्हणणे होते आणि ते त्या काळी लोकांना विपरीत वाटे: मुलाला मारू नये, भीती घालू नये, आणि बक्षिसाची लालूचही दाखवू नये. छडी लागे छमछम म्हणत वाढलेल्या आपल्या लोकांना हे कसे पटावे! अजून कुठे पटले आहे? गप्प बस नाहीतर पोलीस येईल, असे आपण आजही म्हणतोच. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की भ्यालेल्या मुलाच्या अंगात एक प्रकारचा रस सुटतो. तो क्वचित सुटला आणि मायेचे माणूस जवळ असले तर काही बिघडत नाही. रोज उठून सुटू लागला, की मेंदूतली आठवणीची आणि शिकण्याची जागा तो पोखरतो. ताराबाईंना ह्या रसाचे नाव ठाऊक नव्हते. भ्यालेले मूल शिकत नाही हे मात्र त्या वर्गात बसून रोज पाहत होत्या.

मुंबईस परत आल्यावर त्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढला, बालशिक्षिका तयार करण्याचे वर्गही चालविले. पुस्तके लिहिली. त्यांतले 'बालकांचा हट्ट' हे नाव घेतले की घरोघरच्या आया हसतील. 'बालविकास व शिस्त' हेही त्यांचेच. १९३९ साली मादाम मॉंटेसोरी स्वतः हिंदुस्थानात आल्या. लढाई पेटल्यामुळे इटालियन म्हणून त्यांना इंग्रज सरकारने अडकवून ठेवले आणि १९४६ पर्यंत त्या इथेच राहिल्या. तोवर इकडच्या शहरांतून बालमंदिरे निघू लागली होती.

निघाली, पण कोणासाठी? मॉंटेसोरीबाईंची साधने म्हणजे नीट रंधलेले लाकडी ठोकळे, दट्टे, मण्यांच्या माळा, सारे महाग. वकील-डॉक्टरांची मुले त्या बालमंदिरांतून जात. ज्या गरिबांच्या मुलांसाठी रोमला ते घर उघडले होते, ती मुले आपल्याकडे दाराबाहेरच राहिली. ताराबाईंना हे टोचत होते. गिजुभाई १९३९ सालीच वारले होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणी आता सुना येतील, जरा बसून खाऊ असे म्हणतात त्या वयात, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि त्या ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. १९४५ साल होते. त्याच साली त्या मुलखातले वारली जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठले होते. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी नवराबायको जन्मभर सावकाराच्या शेतावर राबत असा तो मुलूख. आचार्य भिसे यांनी बोर्डीला आधीपासून शिक्षणाचे काम चालविले होते, त्यांचा आधार मिळाला आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. एका शिबिरात ताराबाईंशी ओळख झाली आणि त्या बोर्डीला आल्या त्या कायमच्या. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक बालविधवा. जगाने ज्यांना संसारातून बाद केले अशा दोन बायका परक्यांची लेकरे न्हाऊमाखू घालावयास निघाल्या.

न्हाऊमाखू घालणे हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. बालवाडी उघडली तर मुले येईनात. गावातली आली, पण गावाबाहेरच्या वस्त्यांतली येईनात. आईबाप भल्या पहाटे कामाला जात. मोठी बहीण, म्हणजे सात-आठ वर्षांची पोर, धाकट्याला काखेला मारून दिवसभर हिंडे. नाक वाहते आहे, डोक्यात उवा, अंगावर कपडा नाही. अशा मुलाला तयार करून कोण पाठवणार? तेव्हा ताराबाईंनी ठरविले की मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात जाईल. बादली, साबण, कंगवा, नखे कापायची कात्री आणि खेळाचे सामान घेऊन त्या आणि अनुताई वस्तीवर जात. झाडाखाली किंवा एखाद्याच्या अंगणात बसावयाचे. पहिल्यांदा मुलांचे तोंड धुवायचे, अंघोळ घालायची, केस विंचरायचे. मग गाणे, गोष्ट, खेळ. भोवती आया आणि म्हाताऱ्या उभ्या राहून बघत. हीच अंगणवाडी. आज गल्लीगल्लीत जिचा फलक दिसतो ती अंगणवाडी, आणि नाव त्या अंगणावरून पडले आहे.

आता ह्या अंघोळीकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे. स्वच्छता तर झालीच. पण ज्या मुलाला जन्मापासून कोणी पाच मिनिटे समोर बसवून त्याच्याकडे पाहिले नाही, त्याचे तोंड एक बाई दोन्ही हातांत धरून पुसते, त्याला नावाने हाक मारते, पाणी गार लागले का म्हणून विचारते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ती देवघेव ती हीच. त्यासाठी ठोकळे लागत नाहीत.

सामानाचेही त्यांनी तसेच केले. समुद्रावर शंख-शिंपले होते, झाडाखाली बिया होत्या, चिंचोके, गुंजा, काड्या, पाने, माती, भोपळ्याचे टणक कवच. मोजायला बिया, रंग ओळखायला फुले, लहानमोठे समजायला गारगोट्या, खुळखुळ्याला वाळलेल्या शेंगा. मॉंटेसोरीबाईंचे तत्त्व घेतले आणि सुताराचे बिल सोडून दिले, असे मी म्हणेन. आणि भाषा? वारल्यांची मुले पुस्तकातली मराठी बोलत नसत. त्यांच्या बोलीतूनच त्यांच्याशी सुरुवात केली. सोलापुरात राहणाऱ्या आपणांस ह्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पूर्वभागात घरात तेलुगू, दाराबाहेर कन्नड, मोहल्ल्यात उर्दू आणि शाळेत मराठी. आपल्या पाळणाघरात गेल्या वर्षी एक मुलगी दोन महिने तोंड मिटून बसली होती. तिला मंद म्हणून दोघीतिघींनी सोडूनही दिले होते. शेजारच्या आजीबाईंनी तेलुगूत हाक मारली आणि पोर जी बोलू लागली ती थांबेना.

१९५६ च्या सुमारास हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या. तिथे पाहिले तर मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटी भावंडे सांभाळायची. मुलगे येत नाहीत, कारण गुरे चारायची. दुसऱ्या कोणी आईबापांना अडाणी म्हणून नावे ठेवली असती. ह्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. बहिणीने धाकट्याला पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि स्वतः वर्गात जावे. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. मला वाटते ताराबाईंची बुद्धी ह्यात दिसते. मुलाची हेळसांड होते ती बहुधा आईला माया नसते म्हणून होत नाही, तिचे हात रिकामे नसतात म्हणून होते. मुंबईच्या गिरणीतल्या बायका पूर्वी कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवत, ते त्याचा द्वेष होता म्हणून नव्हे. आज आपण मोबाईल हातात देतो. गोळी बदलली, अडचण तीच आहे.

आपल्या जिल्ह्याचाही ह्या विषयाशी जुना संबंध आहे. पंढरपूरला १८७५ साली लालशंकर उमियाशंकर ह्या न्यायाधीशांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्याच्या आधी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली असेच गृह काढले होते. फसलेल्या विधवांची मुले उकिरड्यावर पडू नयेत म्हणून ही घरे. जीव वाचविणे हेच तेव्हा फार मोठे काम होते. पण वाचलेल्या जिवाला पुढे दूध आणि कपडा एवढेच पुरते का, हा प्रश्न जगाला फार उशिरा पडला. आपल्या सोलापुरात अमेरिकन मिशनच्या मेरी हार्डिंगबाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभीच लहान मुलांचा बालवर्ग सुरू केला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दूध आणि कपडा पुरत नाही, हे शेवटी रुमानियात फार वाईट रीतीने दिसून आले. तिथल्या राज्यकर्त्याने १९६६ साली गर्भपात बंद केले, लोकांना मुले पोसवेनात आणि ती सरकारी अनाथालयांत टाकली गेली. १९८९ साली राज्य उलथले तेव्हा लाखावर मुले अशा घरांत सापडली. खाटांच्या रांगाच रांगा, एका बाईकडे कितीतरी मुले, बाटली उशीला टेकवून दूध पाजलेले. आणि खोल्या कशा, तर शांत. मुले रडतच नव्हती. पुढे तिथे १३६ लहान मुलांवर शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. निम्मी मुले मायेने सांभाळणाऱ्या घरी दिली, निम्मी नेहमीप्रमाणे संस्थेत राहिली. घरी गेलेल्यांची बुद्धी आणि माया लावण्याची ताकद सुधारली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांची जास्त सुधारली. इंग्लंडात दत्तक गेलेल्या अशाच मुलांचे मेंदू ती तरुण झाल्यावर यंत्राने तपासले. संस्थेत काळ काढलेल्यांचा मेंदू इतरांपेक्षा सरासरी साडेआठ टक्क्यांनी लहान भरला. चांगल्या घरी वीस वर्षे काढल्यावरसुद्धा!

हे वाचून माझ्यासारखीच्या पोटात गोळा येतो. पण जमैका बेटावरची हकीगत मी मुद्दाम डॉक्टरीणबाईंकडून पुन्हा विचारून घेतली. तिथे १९८६-८७ च्या सुमारास गरीब घरांतली वाढ खुंटलेली १२९ मुले घेतली. त्यांतल्या काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, एक साधी आरोग्यसेविका जाई. घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन आईला मुलाशी खेळावयास, बोलावयास शिकवी. दोनच वर्षे हे चालले. वीस वर्षांनी पाहिले तर ती मुले, तशी भेट न मिळालेल्यांपेक्षा पंचवीस टक्के अधिक मिळवत होती. टाकाऊ डबे आणि बुचे ही त्यांची खेळणी. चिंचोके आणि शिंपले घेऊन ताराबाई त्याच्या चाळीस वर्षे आधी बोर्डीच्या वस्त्यांत बसल्या होत्या, त्यांच्या मागे कोणी शास्त्रज्ञ वही घेऊन उभा नव्हता एवढेच.

मेंदू पहिल्या वर्षांत ओल्या मातीसारखा असतो, पण नंतर तो वीट होत नाही, असेही डॉक्टरीणबाईंनी सांगितले. उशिरा केले तर मेहनत जास्त लागते, फळ कमी येते, पण येते. माझ्या थोरल्याला त्याच्या मावशीने, माझ्या धाकट्या बहिणीने, बोलते केले. ती लग्नापूर्वी वर्षभर आमच्याकडे होती आणि दिवसभर त्याच्याशी बडबड करी. मी तेव्हा तिला कामचुकार म्हणत असे.

१९६२ साली ताराबाईंना सरकारने पद्मभूषण दिले. त्या कोसबाडच्या कामातच राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढे ते काम १९९२ साली स्वतः जाईपर्यंत चालविले. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने देशात तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. पुढे ती योजना गावोगाव गेली. मात्र एक बोलल्याशिवाय राहवत नाही. नाव आले, खिचडी आली, वजनाचा काटा आला, नोंदीच्या वह्या आल्या. सेविकाबाई वह्या भरता भरता टेकीला येतात. बादली आणि चिंचोके, म्हणजे मुलाला समोर घेऊन बसणे, त्याला वेळ कुठे उरतो? ह्यात सेविकांचा दोष मी मानीत नाही. एका बाईने किती मुलांची तोंडे हातात धरावी?

आता स्मरणिकेत लिहावे की न लिहावे असा प्रश्न पडला होता, पण चिटणीसबाई म्हणाल्या लिहा. आपल्या मंडळाच्या मागच्या खोलीत विडीकामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे. अकरा मुले येतात. ती खोली बंद करून डोहाळजेवण, बारसे अशा कार्यक्रमांना भाड्याने द्यावी अशी सूचना मागच्या सभेत आली. मंडळाची शिल्लक कमी आहे हे खरे आहे, छताला गळती आहे हेही खरे आहे. सूचना करणाऱ्या भगिनी माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत आणि मंडळासाठी त्यांनी माझ्याहून अधिक खस्ता खाल्ल्या आहेत. त्या दिवशी मला उठून काही बोलता आले नाही. पाळणाघरातली मुले इतकी गप्प असतात की सभेला त्यांचा त्रास कधीच झाला नाही, असे एकीने त्यांच्या बाजूने बोलताना सांगितले, आणि त्या बोलण्यानेच माझ्या मनात भीती बसली.

त्यानंतर आम्ही चौघींनी वार लावून घेतले आहेत. मंगळवार आणि शुक्रवार माझे. दुपारी दोन ते चार मी तिथे बसते. चिंचोके घरचे आहेत, बादली मंडळाची आहे. पहिल्या आठवड्यात मुले नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता दीड वर्षाचा एक आहे, तो मला पाहिले की डबा उपडा करून साऱ्या खोलीभर चिंचोके उधळतो आणि मी रागावते की काय म्हणून बघतो. मग सगळी मिळून वेचतात आणि फार गलका होतो.

खोलीचा विषय वार्षिक सभेत पुन्हा निघणार आहे. सभा दुपारी तीनला आहे. त्या दिवशी मुलांना सुटी देऊ नका, असे मी पाळणाघराच्या बाईंना सांगून ठेवले आहे.